छत्री घ्यायची की रेनकोट? मिरगाआधी खरेदी करताना एवढं बघा. गाडीवर मात्र छत्री नकोच

सावंतवाडी : मे महिन्याची अखेर आली की तालुक्याच्या बाजारात दुकानांच्या दारावर छत्र्या लटकायला लागतात. आंबे-फणस संपत आलेले असतात, शाकारणी उरकायची असते, मुलांची वह्या-दप्तरं घ्यायची असतात. त्या गडबडीत छत्री आणि रेनकोट शेवटी राहतो आणि मग जो हाताला लागेल, जो स्वस्त असेल तो घरी येतो. मिरगाच्या पहिल्या वाऱ्यात छत्री उलटी होते, आर्द्रा लागेपर्यंत रेनकोटची शिलाई गळायला लागते आणि जुलैमध्ये परत खरेदी होते. समजा तीनशेची छत्री दोनदा घेतली, तर सहाशे गेले आणि भिजायचं ते भिजलोच.

पैशाचा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. पावसाळ्यात दुचाकीच्या मागच्या सीटवर छत्री उघडून बसलेली बाई वाऱ्याने खाली पडली, डोक्याला मार लागला, अशी बातमी आपण दरवर्षी कुठून ना कुठून ऐकतोच. त्यामुळे या वर्षी खरेदीला जाण्याआधी हे पाच मिनिटं वाचा. कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे आम्ही सांगणार नाही. काय बघून घ्यायचं, तेवढं सांगतो.

आपल्याकडचा पाऊस छत्रीला का ऐकत नाही?

हवामान खातं २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला मुसळधार म्हणतं. ११५.६ ते २०४.४ पर्यंत अति मुसळधार, आणि त्याच्याही वर गेला तर अत्यंत मुसळधार. मोबाईलवर ऑरेंज आणि रेड अलर्ट येतात ते या हिशेबावरून. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. साधारण मीटरभर रुंद छत्री २०० मिलिमीटरच्या पावसात दिवसभर उघडी ठेवली, तर तिच्यावर दीडशे लिटरपेक्षा जास्त पाणी पडतं. पंधरा लिटरच्या दहा बादल्या! आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर वर्षाला ७ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तिथे तर असे दिवस एकापाठोपाठ एक येतात.

तरी नुसतं पाणी असतं तर छत्रीने निभावलं असतं. खरी अडचण वाऱ्याची. पावसाचा मोठा थेंब ताशी साधारण ३० किलोमीटर वेगाने खाली येतो. वाराही ताशी ३० किलोमीटरचा असेल, तर पाऊस सरळ न पडता ४५ अंशांत तिरका येतो. म्हणजे डोक्यावर कितीही मोठी छत्री धरली, तरी कमरेपासून खाली तुम्ही भिजणारच. ही छत्रीची चूक नाही. वादळी पावसात छत्रीचं काम डोकं, छाती आणि हातातली पिशवी वाचवणं एवढंच आहे. बाकी अंगासाठी दुसरं काहीतरी लागतं. हे एकदा लक्षात घेतलं की खरेदी सोपी होते. छत्री चालत जायला, रेनकोट गाडीला, खोळ शेतात वाकून काम करायला.

छत्री घेताना हे तपासा

सरळ लांब दांड्याची छत्री सगळ्यात टिकाऊ. घडीची छत्री पर्समध्ये मावते, एसटीत बरी पडते; पण जेवढ्या घड्या, तेवढे सांधे, आणि वारा पहिल्यांदा सांध्यालाच मोडतो. तीन घडीची छत्री शहरातल्या पावसाला ठीक. आपल्याकडे घडीचीच हवी असेल तर दोन घडीची घ्या.

काड्या बघा. आठ काड्यांपेक्षा दहा-बारा काड्यांची छत्री वाऱ्यात जास्त तग धरते. लोखंडी काडी एकदा वाकली की परत सरळ होत नाही, आणि खाऱ्या हवेत, म्हणजे वेंगुर्ला-मालवण-देवगडकडे, लवकर गंजते. फायबरची काडी वाकते आणि परत जागेवर येते. दुकानात एक काडी हळूच बोटाने वाकवून बघा. कळतं.

छत्री उघडून दांडा हलवा. खटक्याजवळ खडखड वाजत असेल, दांडा डुलत असेल, तर ती ठेवून द्या. कापड काडीला जिथे दोऱ्याने बांधलेलं असतं ते टाके मोजून बघा. काही छत्र्यांना टोकाला आणि मध्ये एकेकच टाका असतो. मग कापड उजेडाकडे धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथून पाणी फवाऱ्यासारखं आत येणार.

बटण दाबून उघडणारी छत्री सोयीची खरी, पण तिची स्प्रिंग लवकर जाते. हाताने उघडायची साधी छत्री दुरुस्तही होते. बाजारात बसणाऱ्या छत्री दुरुस्तीवाल्याला विचारा, तो हेच सांगेल.

काही छत्र्यांना वरती कापडाचे दोन थर असतात आणि मध्ये फट असते. आत शिरलेला वारा त्या फटीतून निघून जातो, म्हणून छत्री सहसा उलटत नाही. थोडे पैसे जास्त जातात. रोज घाटमाथ्यावर किंवा समुद्राकाठी चालत जाणाऱ्याने ते द्यावेत.

आणि मोठी छत्री म्हणजे चांगली छत्री असं नाही. मोठ्या छत्रीत वाराही मोठाच भरतो. एकट्यासाठी २३ इंची काडीची पुरते. जोराचा वारा असेल तर छत्री खाली, डोक्याजवळ घ्या, मूठ सोडून दांडा वरच्या बाजूला पकडा आणि छत्री वाऱ्याच्या तोंडाला तिरकी धरा. वारा पाठीमागून झोडायला लागला की मिटा. छत्री वाचवायला गटारात उतरू नका.

रेनकोट : कापडापेक्षा शिलाई बघा

रेनकोट गळतो तो बहुतेक वेळा शिलाईतून. सुईने पडलेलं प्रत्येक भोक पाण्याला वाट देतं. म्हणून दुकानात रेनकोट आधी आतून उलटा करा. खांद्यावर, काखेत आणि पँटच्या बैठकीला शिलाईवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. पट्टी नखाने सुटत असेल तर ती एका महिन्यात निघेल.

चेनवर बाहेरून झडप हवी, ती वेल्क्रो किंवा बटणाने बंद होणारी हवी. मनगटाला इलास्टिक हवं. टोपी नाडीने आवळता आली पाहिजे, नाहीतर वाऱ्यात ती पाठीवर पडते आणि पाण्याची झोळी होते.

काही रेनकोटच्या लेबलवर ३०००, ५००० किंवा १०००० मिलिमीटर असा आकडा असतो. त्या कापडावर तेवढ्या उंचीचं पाणी उभं केलं तरी ते आत झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. गाडीवर बसल्यावर बैठकीला आणि गुडघ्यांना दाब येतो, तिथे पाणी रेटून आत शिरतं. म्हणून दिवसभराच्या पावसासाठी ५००० च्या खालचा घेऊ नका, जमलं तर १०००० चा घ्या. लेबलच नसेल तर सोपी परीक्षा आहे. कापडाचा खोलगट द्रोण करा, त्यात बाटलीतलं थोडं पाणी ओता, पाच मिनिटं थांबा आणि खालून बोट घासा. बोट ओलं झालं तर पुढचं दुकान बघा. दुकानदाराला विचारून करा म्हणजे झालं.

"नवा रेनकोट घेतला तरी आतून भिजलो" ही तक्रार नेहमीची. दर वेळी ती गळतीच असते असं नाही. जाड प्लास्टिकमधून घाम बाहेर जात नाही, तो आतच साचतो. ओल खांद्यावर, चेनच्या रेषेत किंवा बैठकीला असेल तर रेनकोट गळतोय. पाठ आणि हात सगळीकडे सारखेच दमट असतील तर तो घाम आहे. त्यासाठी पाठीवर झडपेखाली जाळी असलेला रेनकोट बघा, आणि आत जाड सुती बनियन घालू नका, ते सुकत नाही.

रंग? काळा आणि गडद निळा मळत नाही म्हणून आपण घेतो. पण धुक्यात, घाटात, संध्याकाळच्या मुसळधार पावसात काळा रेनकोट समोरच्या ट्रकवाल्याला दिसत नाही. पिवळा, नारिंगी, पोपटी घ्या. पाठीवर चमकणारी पट्टी असेल तर उत्तमच.

दुचाकीवर छत्री : ढोबळ हिशेब बघा

मीटरभर रुंद छत्रीवर ताशी ३० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर ती साधारण चार किलोच्या जोराने मागे ओढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आता गाडी ४० च्या वेगाने चालली आहे आणि समोरून २० चा वारा आहे. छत्रीला लागणारा वारा झाला ६० चा. ओढ गेली सोळा-सतरा किलोवर, तीही एका झटक्यात. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री धरलेली आई हा झटका कसा पेलणार? पूल आला, वळण आलं, समोरून एसटी गेली की तो वारा आणखी फिरतो.

चालवणाऱ्यालाही धोका तेवढाच. छत्री पुढे झुकली तर रस्ता दिसत नाही, आणि मागचा माणूस हलला की ओल्या रस्त्यावर गाडीचा तोल जातो.

म्हणून गाडीवर छत्री नको. पुढेही नको, मागेही नको, "फक्त स्टँडपर्यंत" सुद्धा नको.

मग काय करायचं? गाडीला शर्ट-पँटचा दोन भागांचा रेनकोट घ्या, नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठा. पँटला खालून गुडघ्यापर्यंत उघडणारी बाजू असेल तर चप्पल-बूट न काढता चढवता येतो. अंगावर नुसता टाकायचा, बाजूने मोकळा रेनकोट चालत जाताना छान. गाडीवर तो फडफडतो आणि चाकात किंवा चेनमध्ये जाऊ शकतो. साडीचा पदर आणि ओढणीचंही तेच. आधी आत खोचा, मग बसा.

आई, काकी, आजीला पँटचा रेनकोट घालायला संकोच वाटतो, हे आम्हालाही माहीत आहे. एक करा. गाडीच्या डिकीत सैल मापाची एक जादा पँट ठेवा. साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन वरून घालायची आणि उतरल्यावर काढायची. तेही नको असेल तर गुडघ्याखाली येणारा बटणांचा लांब रेनकोट, आणि त्याचा घेर मांडीखाली दाबून बसायचं. काहीच जवळ नसेल तर गाडी बाजूला घ्या आणि एखाद्या पक्क्या पडवीत पंधरा मिनिटं थांबा. पाऊस तेवढा दम घेतो.

हेल्मेट मागच्यालाही कायद्याने सक्तीचं आहे. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घ्या, वरून नको. हेल्मेटची काच काळी असेल तर पावसाळ्यापुरती पांढरी बसवून घ्या.

शेतात : इरल्याची अक्कल अजून कामाची

तरवा काढताना, लावणी करताना दोन्ही हात चिखलात असतात. तिथे छत्रीचा उपयोग शून्य. आपल्या आजी-आजोबांनी त्यासाठी इरलं काढलं. बांबूच्या बेळांचा सांगाडा, आत पानांचा थर, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकलेली, आणि खालून हवा खेळती. वाकलेल्या माणसाच्या पाठीवरच पाऊस पडतो, म्हणून झाकायची पाठ. एवढा साधा विचार. कांबळ्याची खोळही तशीच. लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते, हे सुती कपड्याला जमत नाही.

आता इरली विणणारे हात कमी झाले आणि प्लास्टिकचा कागद आला. हरकत नाही, पण कागद घेताना अगदी पातळ घेऊ नका. तो दोन दिवसांत फाटतो आणि त्याचे तुकडे शेतातच राहतात. जाड कागदाची खोळ करून कमरेला दोरीने सैल बांधा म्हणजे वाऱ्याने उडत नाही. पॉवर टिलरवर काम करणाऱ्याने मात्र खोळ किंवा लोंबणारा कागद घालू नये. फिरत्या पात्यात तो अडकला तर माणूस ओढला जातो. तिथे अंगाला बसणारा आखूड रेनकोटच हवा.

पायात काय?

गमबूट मेरेवर फिरायला, गवत कापायला, गोठ्यात जायला घ्या. गवतात फुरसं असतं, आणि ते चावतं बहुतेक पायालाच. गमबूट पोटरीपर्यंत येणारा, तळाला खोल खाचा असलेला घ्या.

लावणीच्या खोल चिखलात गमबूट रुततो, म्हणून माणसं अनवाणीच उतरतात. हे बदलणं कठीण आहे. पण पायाला चीर, भेग, जखम असेल तर ती झाकल्याशिवाय उतरू नका. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचे जंतू जखमेवाटे अंगात जातात आणि आपला जिल्हा या तापाने पोळलेला आहे. लावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर घरी काढा पीत बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि शेतात काम करतो हे डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट विसरू नका. व्हाळाला पाणी आलेलं असताना, साकवावरून पाणी जात असताना गमबूट घालून उतरू नका. बुटात पाणी भरलं की पाय उचलत नाही. खरं तर त्या वेळी उतरूच नका.

शाळकरी मुलांसाठी

पाठीवर दप्तराची जागा सोडलेला रेनकोट घ्या. साध्या रेनकोटवरून दप्तर घेतलं तर वह्या भिजतात, आणि आत घेतलं तर पुढची बटणं लागत नाहीत. रंग भडक. बाही हातापेक्षा फार लांब नको. छत्री द्यायची तर लहान, बोथट टोकाची, हाताने उघडायची. दप्तरात एक जादा प्लास्टिक पिशवी आणि एक कोरडा रुमाल कायम असू दे. ओला रेनकोट वर्गात कुठे ठेवायचा, हे शाळेत विचारून घ्या. नाहीतर तो दप्तरातच कोंबला जातो.

वीज कडाडत असेल तर

विजेपासून छत्री वाचवत नाही, रेनकोट वाचवत नाही, रबरी गमबूटही वाचवत नाही. मोकळ्या मळ्यात उभा माणूस आधीच सगळ्यात उंच असतो. त्यात त्याने छत्री वर धरली की तो आणखी उंच होतो. दांडा फायबरचा असला तरी धोका टळत नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पक्क्या घरात जा. झाडाखाली किंवा शेतमांगरात नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आपल्याकडे विजांचा जोर पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि परतीच्या पावसात, म्हणजे भातकापणीच्या वेळी, जास्त असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते कळवतं.

वाऱ्याने तार तुटून पडली असेल तर ती छत्रीच्या टोकाने बाजूला सारायला जाऊ नका. लांब थांबा, इतरांना थांबवा आणि १९१२ वर फोन करा.

निगा राखली तर चार पावसाळे

ओली छत्री गुंडाळून कोपऱ्यात ठेवली की काड्या गंजतात आणि कापडाला बुरशी धरते. पडवीत अर्धी उघडून ठेवा. आठवड्यातून एकदा सांध्यांना खोबरेल तेलाचा एकेक थेंब. समुद्राकाठी राहत असाल तर आधी गोड्या पाण्याने धुवा.

रेनकोट चुलीजवळ सुकवू नका, त्याचा थर चरचरतो आणि शिलाईची पट्टी सुटते. हँगरला लावून वाऱ्यावर ठेवा. गमबूट फाटला तर सायकलच्या पंक्चरचं ठिगळ आणि सोल्युशन त्याला चालतं. पावसाळा संपला की सगळं पूर्ण सुकवून, सैल घडी घालून ठेवा. उंदीर लागणार नाही अशा जागी.

थोडक्यात

- चालत जाणार असाल तर लांब दांड्याची, फायबर काड्यांची, बेताच्या आकाराची छत्री.
- गाडीवर दोन भागांचा, भडक रंगाचा, आतून पट्टी असलेला रेनकोट. छत्री नाहीच.
- शेतात पाठ झाकणारी खोळ. टिलरवर असाल तर आखूड रेनकोट.
- पायाची जखम झाकूनच चिखलात उतरायचं.
- वीज कडाडली की काम सोडायचं.

खरेदीला घरातलं कोणी जाणार असेल तर त्यांना हे पाठवा. आणि मागच्या सीटवर छत्री उघडून बसणारं कोणी घरात असेल, तर त्यांना आजच वाचून दाखवा.